तिरकी धरलेली वायर

बाबांच्या फोनच्या खालच्या कडेला, जिथे वायर खोचायची, ती जागा डाव्या बाजूने झिजली होती. उजवी बाजू नव्यासारखी होती. डावीकडची कड मात्र गोल झालेली, रंग उडून आतला पांढरट धातू दिसणारी. बाबा डावखुरे. फोन चार्जिंगला लावलेला असतानाच तो डाव्या हातात धरून खिडकीशी उभं राहायचं आणि बोलायचं, ही त्यांची वर्षानुवर्षांची सवय. वायर नेहमी त्याच बाजूला ओढली जायची. एखाद्या माणसाची सवय धातूवर इतकी स्पष्ट उमटते, हे मी तोवर कधी नीट पाहिलं नव्हतं.

या झिजेमुळे वायर आत बसायची, पण टिकायची नाही. लॅपटॉपवर फोन दिसायचा, एखाददुसरी फाइल उतरायची... आणि पुन्हा गायब.

त्या फोनमध्ये बाबांचा आवाज होता.

बाबा हवामान-निरीक्षक. आयुष्यभर पहाटे उठून त्यांनी वारा, पाऊस, ढग पाहिले. मी शिकायला लांब गेले, तेव्हा सकाळची नोंद आटोपली की ते फोनवर थोडंसं बोलून ठेवायचे. लिहायचा कंटाळा. ‘आज ढग खाली उतरलेत बाळ, समोरचा डोंगर नाहीच. वारा पडलाय. स्वेटर घातलास का?’ त्यातलं थोडंच मला पाठवलेलं. बाकीचं तिथेच साठत गेलं. मग एक दिवस त्यांच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी बंद पडली. उजवा हात गेला, पाय गेला आणि बोलणंही गेलं. राहिले दोन शब्द – ‘हो ना’. भूक लागली तरी हो ना, पोट भरलं तरी हो ना. समजायचं सगळं. बाहेर यायचं तेवढंच.

वाचा-उपचाराच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, त्यांचेच जुने शब्द त्यांना ऐकवत राहा. म्हणून मी रेकॉर्डिंग लॅपटॉपवर घेऊन त्यांतला एकेक शब्द वेगळा कापायची. वारा. ढग. डोंगर. बाबा डोळे मिटून ऐकायचे, ओठ हलवायचे, आणि मग हताश हसून म्हणायचे – “हो ना.”

त्या संध्याकाळी वायर इतक्यांदा सुटली, की माझा धीरच सुटला. मी ती काढून टाकली आणि फोनचं वायफाय चालू केलं.

आमच्याकडे हा जवळजवळ गुन्हा. आम्ही राहतो त्या पठारावर आकाशाकडे तोंड करून मोठमोठ्या अँटेना उभ्या आहेत. दूरच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओलहरी टिपायच्या, हे इथल्या संशोधन केंद्राचं काम. आलेल्या आकड्यांतून खरं काय आणि गोंगाट काय हे वेगळं करायचं, हे माझं. त्या लहरी इतक्या क्षीण, की शेजारी चालू असलेला एक फोन त्यांच्यापुढे आरडाओरडा ठरतो. म्हणून केंद्रात आणि वसाहतीत सगळं तारेतून. फोन, इंटरनेट, सगळं. बिनतारी काहीही चालू करायचं नाही. हा नियम नव्या माणसांना मीच समजावून सांगायची!

दारावर टकटक झाली.

बाहेर एक उंच माणूस उभा होता. गळ्यात हेडफोन, एका हातात यंत्र, दुसऱ्या हातात आडव्या काड्यांची अँटेना, तिचं टोक नेमकं माझ्याकडे रोखलेलं. त्याला मी ओळखत होते, लांबून. चोरटे सिग्नल शोधत तो दिवसभर पठारावर हिंडायचा, म्हणून सगळे त्याला शिकारी म्हणत.

“माफ करा,” तो म्हणाला, “तुमच्या घरात काहीतरी बोलतंय.”

“आमच्या घरात कुणी बोलत नाही.”

मला तसं म्हणायचं नव्हतं... तोंडातून गेलं. त्याची नजर माझ्यामागे, खुर्चीतल्या बाबांकडे गेली. त्याने अँटेना खाली केली.

“हो ना,” बाबा म्हणाले.

“कोण आहे गं?” मावशी आतून आली. आई गेल्यापासून ती आमच्याकडेच आहे. “आणि हा काय माशाचा सांगाडा घेऊन आलाय हातात?”

“अँटेना आहे, मावशी.”

“लगेच मावशी! ये, आत तरी ये. तो सांगाडा मात्र बाहेर ठेव.”

तो आत आला. अँटेना बाहेर ठेवली नाही. छातीशी धरून, अवघडून बसला. मी वायफाय बंद केलं आणि फोन, वायर, झीज, सगळं एका दमात सांगितलं. त्याने फोन हातात घेतला, दिव्याखाली फिरवून पाहिला.

“डावखुरे आहेत?” त्याने बाबांना विचारलं. मला नाही, बाबांना. आजारपणानंतर लोक त्यांच्याबद्दलचे प्रश्न मला विचारायचे.

“हो ना!” बाबांचा चेहरा उजळला.

त्याने वायर खोचली, अंगठा आणि तर्जनीत धरली आणि हळूहळू डावीकडे कलती केली. दुरून आलेलं स्टेशन रेडिओवर पकडतात, तशी. लॅपटॉपवर फोन उमटला... आणि टिकला.

“असंच धरून ठेवावं लागेल,” तो म्हणाला.

“किती वेळ?”

“तुम्ही सांगाल तितका.”

एवढं बोलून तो स्वतःच लाजला. मी पडद्याकडे बघत राहिले. माझे कान तापले होते, हे त्याच्या यंत्रात दिसत नसावं, एवढीच अपेक्षा.

दुसऱ्या दिवशी केंद्रप्रमुखांनी मला बोलावून चार लोकांसमोर झापलं. बाहेर आले तर व्हरांड्यात हा उभा.

“तुम्ही माझं नाव सांगितलंत?”

“त्यांनी विचारलं, सिग्नल कुणाकडचा होता.”

“सापडला नाही, असं म्हणता आलं असतं.”

“सापडला होता ना.” त्याने गळ्यातले हेडफोन काढले. “वाईट वाटलं मला. पण खोटं सांगितलं असतं, तर पुढच्या वेळी मी काहीही सांगितलं तरी... म्हणजे, तुम्हाला तरी खरं वाटलं असतं का?”

मला राग यायला हवा होता. आकड्यांमधला खोटेपणा शोधण्यात माझा दिवस जातो. बहुधा म्हणूनच आला नाही.

संध्याकाळी तो पुन्हा दारात. या वेळी हात रिकामे.

“वायफाय मी बंद करायला लावलं,” तो म्हणाला. “तर वायर धरायलाही मीच यायला हवं.”

तेव्हापासून तो संध्याकाळचा यायचा. मी लॅपटॉपसमोर, तो शेजारच्या स्टुलावर वायर धरून, बाबा आमच्या मागे खुर्चीत. त्याला हलता यायचं नाही. हात जरा सरकला की फाइल मध्येच तुटायची. वायर आखूड होती. तिने दोन माणसांमध्ये ठेवलेलं अंतर मी मनातल्या मनात मोजायची आणि मग ते मोजणं थांबवायची.

“नाक खाजतंय,” तो एकदा म्हणाला.

“हलू नका. अर्धी झालीय.”

“मग तुम्ही खाजवा.”

“मावशी आहे घरात.”

“मावशींना बोलावू?”

“बोलवा की,” आतून आवाज आला. “लाटणं घेऊनच येते.”

बाबा इतके हसले, की त्यांना ठसका लागला. मी पाणी द्यायला उठले. परत वळले तर शिकारी तसाच, वायर धरून, नाक मुरडत बसलेला. त्याने ती सोडली नव्हती.

फाइल उतरली की आम्ही ती ऐकायचो. घर एकदम भरून जायचं. ‘आज दव फार पडलंय बाळ. गवतात चालून आलो तर चपला भिजल्या. तुझी आई ओरडतेय.’ आणि खरोखर मागे, लांबून, आईचं ओरडणं. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मावशी पदर तोंडाशी धरून आत निघून गेली. मी पडद्याकडे बघत राहिले. शिकाऱ्याने मोकळा हात माझ्या हाताजवळ आणला... हातावर ठेवला नाही. टेबलावर, अगदी शेजारी, तसाच राहू दिला. मी माझी करंगळी सरकवली. एवढंच.

मग एक दिवस तो आला. वायर धरली, कोन साधला, आणि पडद्याकडे बघतच म्हणाला, “दुसऱ्या पठारावर नवं केंद्र होतंय. तिथे सिग्नल बघायला मला बोलावलंय. महिनाअखेर कळवायचंय.”

“लांब आहे?”

“लांब आहे.” त्याने वायर घट्ट धरली. “तुम्ही याल का? म्हणजे... लग्न करून. मी नीट विचारत नाहीये, मला कळतंय. पण उभं राहता येत नाहीये.”

फाइल उतरत होती. मी तिच्याकडे बघत होते.

“बाबांना सोडून...”

“बाबांना सोडून कोण म्हणतंय? मागच्या आठवड्यात जाऊन आलो तिथे. क्वार्टर तळमजल्यावर आहेत. दारं मोजून आणलीत. चाकाची खुर्ची जाते. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं जागा उरते. न्हाणीघराला उंबरठा आहे, तो काढून देतो म्हणालेत. दवाखाना जवळ आहे. तुमचं काम तिथेही आहे, आकडे तारेतून कुठेही येतात.”

“आणि मी कोण?” मावशी दारात उभी होती. “मी सामानात धरलेय का?”

“तुमची खोली उगवतीला आहे, मावशी. उजेड येतो.”

मावशी चहा टाकायला आत वळली.

कुणी माझ्यासाठी कविता केली असती, तर मी हसून सोडून दिलं असतं. याने दारं मोजली होती.

“बाबांचं सगळं उतरवून होऊ दे,” मी म्हटलं. “मग सांगते.”

“चालेल,” तो म्हणाला.

त्यानंतर मी फाइली एकेक करून घ्यायला लागले. आधी एका वेळी दहा-वीस निवडायची; आता एक. ती उतरली की ऐकायची, नाव द्यायचं, मग दुसरी. शिस्तीचं काम आहे, असं मी स्वतःला सांगायची. खरं कारण मला माहीत होतं. शेवटची फाइल उतरली, की फोनमध्ये काही शिल्लक राहणार नव्हतं. न ऐकलेलं एक जरी वाक्य आत होतं, तोवर बाबांचं काहीतरी बोलायचं बाकी होतं. ते संपलं, की नवीन काही येणार नाही हे मान्य करावं लागणार. बाबा पुन्हा बोलायला लागले की मग माझं बघू, हे मी कुणापाशी बोलले नव्हते. पण प्रत्येक गोष्ट मी त्याच खुंटीला टांगून ठेवली होती. आणि आता तोही तिथेच टांगला गेला होता, वायर धरून.

“एकेक का घेता?” त्याने एकदा हळूच विचारलं. “सगळ्या निवडा ना एकदम.”

“मध्येच तुटलं तर?”

“तर परत धरेन.”

“नको. अशाच बऱ्या.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. ज्याचं काम चोरटे सिग्नल ओळखायचं, त्याला हे कळणार नाही असं मी कसं धरून चालले होते? पण तो बोलला नाही. महिना संपत आला, तरी बोलला नाही.

त्या संध्याकाळी वारा सुटला होता. खिडकीची काच थरथरत होती. शिकारी नेहमीसारखा स्टुलावर. बाबांची खुर्ची मी जवळ ओढून घेतली होती, त्यांना ऐकू यावं म्हणून.

“किती राहिलंय गं?” मावशीने विचारलं.

“बरंच आहे अजून,” मी म्हटलं.

बाबांनी पडद्याकडे पाहिलं. आयुष्यभर तापमापकाच्या काचेच्या नळीतली बारीक रेघ वाचलेला माणूस तो. उतरलेल्या फाइलींची रांग त्यांना दिसत होती, उरलेल्यांचीही. उरलेली रांग पडद्याच्या अर्ध्यापर्यंतही पोचत नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग शिकाऱ्याच्या हाताकडे. बराच वेळ त्या हाताकडे. आणि मग डावा हात पुढे करून त्यांनी वायर पकडली... आणि ओढली. हिसका देऊन. डावीकडे.

कट्‌ असा बारीकसा आवाज झाला. फोनच्या आतली धातूची जीभ तुटून वायरच्या टोकात अडकून आली होती.

“बाबा!” मी ओरडले. आजारपणानंतर पहिल्यांदाच मी त्यांच्यावर ओरडले. “काय केलंत हे? का केलंत?”

बाबांनी वायर मांडीवर ठेवली. “हो ना,” ते शांतपणे म्हणाले.

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. कुणी मला थांबवलं नाही. मावशीचा हात पाठीवर आला, एवढं आठवतं. शिकारी दिव्याखाली फोन धरून पाहत होता.

“वायरचं आता जमणार नाही,” तो म्हणाला. “पण फोन चालू आहे. चार्जिंगही याच जागेतून व्हायचं, ते गेलं. म्हणजे आत जेवढी बॅटरी आहे, तेवढाच वेळ. बिनतारीच घ्यावं लागेल... आणि लगेच.”

“इथे?”

“इथे नाही.” तो त्या संध्याकाळी पहिल्यांदाच हसला. “इथे केलंत तर मीच येऊन पकडेन. टेकडीपलीकडे.”

केंद्राची गाडी त्याच्याकडे असायची, छपरावर अँटेना लावलेली. त्याने आमच्या तारेच्या फोनवरून प्रमुखांना विचारलं, का हवी ते सगळं खरंखरं सांगून. मग बाबांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं. मावशी मागे चढली; माझ्या मांडीवर लॅपटॉप आणि त्यावर फोन. फोन मी दोन्ही हातांनी धरला होता, जणू तो सांडेल.

सूर्य टेकत आला होता. रस्ता टेकडीच्या मागे उतरला, तशा अँटेना एकेक करून दिसेनाशा झाल्या. पलीकडे एक रिकामा बसथांबा होता. सिमेंटचं बाक, वर पत्रा. शिकाऱ्याने गाडी थांबवली, उतरून यंत्र लावलं, पठाराच्या दिशेने अँटेना धरून डोळे मिटून ऐकलं.

“मधे टेकडी आहे,” तो म्हणाला. “इथलं वर पोचत नाही. करा सुरू.”

मी बाकावर बसले. फोनचं वायफाय लावलं, लॅपटॉप त्याला जोडला. दोघांमध्ये काही नव्हतं. नुसती हवा, आणि तिच्यात धूळ.

या वेळी मी उरलेल्या सगळ्या फाइली निवडल्या. एकदम.

पट्टी भरत चालली. न अडखळता. इतक्या संध्याकाळी आम्ही जे थेंबाथेंबाने नेलं, ते मावशी नाराजी बोलून दाखवायच्या आत निम्म्यावर गेलं.

“म्हणजे पहिल्याच दिवशी इथे आला असतात, तर झालं असतं!” मावशी खिडकीतून म्हणाली. “तुला माहीत नव्हतं का रे, शिकाऱ्या?”

“माहीत होतं, मावशी.”

“आणि हिला?”

“मलाही होतं,” मी म्हटलं.

“धन्य आहात दोघंही,” मावशी म्हणाली, आणि खिडकीची काच वर केली. आम्हाला एकटं सोडायची तिची ही पद्धत. बाबांच्या बाजूची काच मात्र उघडीच राहिली.

शिकारी माझ्यासमोर उभा होता. आज धरायला काही नव्हतं. त्याला हातांचं काय करावं ते कळेना. खिशात घातले, काढले, पाठीमागे बांधले. उजव्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर वायरच्या कडेने पडलेला वळ अजून लाल होता. बाबांच्या फोनवरची झीज मला आठवली. इतक्या थोड्या दिवसांत माणसावरही उमटतं तर.

पट्टी भरली. फोनचा पडदा एकदा उजळला आणि विझला. बॅटरी संपली होती. मी लॅपटॉप बघितला. सगळ्या आल्या होत्या. शेवटची उघडली.

‘वारा सुटलाय बाळ,’ बाबांचा आवाज म्हणाला. ‘आता काही फार बोलत नाही. चहा निवतोय.’

मग फोन खाली ठेवल्याचा आवाज. मग काही नाही.

मी वाट पाहिली. अजून काही असेल म्हणून नाही. आता नसेल, याची सवय व्हावी म्हणून. गाडीत बाबा मान मागे टेकून बसले होते. वाऱ्याने त्यांचे पांढरे केस उडत होते. स्वतःचं शेवटचं वाक्य त्यांनीही ऐकलं होतं. त्यांचे डोळे ओले होते, पण ते माझ्याकडे बघत होते. वाट बघत होते.

“बाबा,” शिकारी गाडीपाशी जाऊन म्हणाला, “हिला पुन्हा विचारू का?”

“हो ना.”

“की नको विचारू?”

“हो ना,” बाबा म्हणाले, आणि आधी तेच हसले. मग शिकारी. मग काचेमागे मावशी.

मी लॅपटॉप मिटला आणि उठले. गाडीपर्यंत चार पावलं असतील. बाबांचा डावा हात खिडकीच्या कडेवर होता. तो मी हातात घेतला. दुसऱ्या हाताने शिकाऱ्याचा, वळ पडलेला. आत्तापर्यंत त्याला मी कधी ‘तू’ म्हटलं नव्हतं.

“विचारू नकोस,” मी म्हटलं. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. “बाबा बोलतील की नाही, ते मला माहीत नाही. त्यासाठी मी आता थांबणार नाहीये. मी तुझ्याशी लग्न करणार आहे.”